लूप लाइनवरची राखण

स्टेशन मास्तर म्हटलं की लोकांना हातात हिरवं निशाण घेतलेला आणि उगाचच गंभीर झालेला एक माणूस आठवतो. लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की समोरचा हमखास विचारतो, “म्हणजे दिवसभर निशाण दाखवायचं का?” मी हो म्हणतो. खरं सांगत बसलो तर पंगत उठायची. पण या अंकाच्या संपादकांनीच “कामाबद्दल लिहा, पण नोकरीच्या तारखा नकोत” असं बजावल्यामुळे बदल्या, बढत्या आणि निरोप समारंभातली शाल मी वगळतो. एकाच स्टेशनची, आणि खरं तर त्या स्टेशनातल्या एका दगडाची हकीकत सांगतो.

स्टेशनचं नाव साकवली. नकाशात शोधू नका, नाव मी बदललं आहे. तिकडचे लोक ओळखतीलच. महाड तालुक्यात डोंगर आणि नदी यांच्या मध्ये जेवढी सपाट जागा उरली तेवढीत बसवलेलं हे स्टेशन. एक फलाट, दोन रूळमार्ग, तिकीट खिडकी, माझी खोली, मागे बदामाचं झाड आणि फलाटावर एक बाक. त्या बाकाची एक पट्टी कायम निघालेली असायची. दिवसातून मोजक्या गाड्या थांबायच्या, बाकीच्या शिटी मारून निघून जायच्या. बिरवाडीच्या कारखान्यांतले कामगार गावी निघाले की इथून चढायचे, पोलादपूरकडची माणसं जीपने यायची. गणपतीचे आठ-दहा दिवस सोडले तर फलाटावर माणसांपेक्षा कुत्री जास्त.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नमुना. कापड्याची एक म्हातारी लेकीकडे पनवेलला जायची. गाडी लागली की ती दारात एक पाय ठेवून मला ओरडायची, “मास्तर, झेंडा दावू नका हां, आमचं मानूस पानी भराय गेलंय!” ते माणूस आधीच आत बसून खिडकीतून तिला शोधत असायचं. वरंधचे एक गृहस्थ पावसाळ्यात घाट बंद झाला की येऊन तक्रारवही मागायचे. गाडी भोरला का जात नाही, अशी त्यांची तक्रार. “एवढे बोगदे खणलेत, अजून एक खणायला काय झालं?” असं त्यांनी वहीत तीन पानं लिहून ठेवलं आहे. उत्तर द्यायची जागा मी रिकामी ठेवली.

आता थोडं कामाचं. आमची लाइन एकेरी. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना एकच रूळ. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी पाहिजे, एवढा नियम समजला की आमचा जाडजूड नियमांचा ग्रंथ निम्मा वाचून झाला. पुढच्या स्टेशनला विचारायचं, “लाइन क्लिअर?” त्याने होकार दिला की मगच सिग्नल. समोरासमोर दोन गाड्या आल्या, किंवा मागून जलद गाडी आली, तर एकीला बाजूच्या रुळावर घेऊन उभी करायची आणि दुसरीला जाऊ द्यायचं. बाजूच्या रुळाला लूप म्हणतात. ही लूप दोन्ही टोकांना मुख्य रुळाला जाऊन मिळते. मिळायच्या आधी दोन्ही रूळ जवळ जवळ येत जातात, तिथे त्यांच्या मधोमध एक पांढरा रंगवलेला दगड रोवलेला असतो. त्याचं नाव फाउलिंग मार्क. लूपवर उभी असलेली गाडी दोन्ही टोकांच्या या दगडांच्या आत पाहिजे. एखादा डबा बाहेर राहिला तर मुख्य रुळावरून धडधडत येणारी गाडी त्याला घासून जाईल. दगड गुडघ्याएवढाही नसतो, पण ड्रायव्हरपासून माझ्यापर्यंत सगळे त्याचं ऐकतात.

आमच्या लहानपणी रेल्वे ‘येणार’ होती. वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणीही ती येणारच होती. मी महाडच्या कॉलेजात असताना तीन पायांची दुर्बीण घेऊन माणसं आली, त्यांनी खोऱ्यातून पांढऱ्या खुंट्या मारत नेल्या. लोकांना त्या खुंट्या शेळ्या बांधायला फार सोयीच्या वाटल्या. आठवड्याने साहेब परत आले तर एक खुंटी वीस हात सरकलेली. आमच्याकडे अजून सांगतात की रेल्वेचा मार्ग एका शेळीने ठरवला. खरं नसावं, पण साकवलीच्या पुढचं वळण बघितलं की शंका येते.

मग खरोखरच जमिनी गेल्या. साकवली स्टेशन आहे तिथे भाताची खाचरं होती. बांध, पाणंद, विहीर, सगळं मातीच्या भरावाखाली गेलं. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात एकेक नोकरी आली. आमच्या वाडीची जमीन गेली नाही, कारण जायला जमीनच नव्हती. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. “तू परीक्षा देऊन जा,” ते म्हणाले आणि मी परीक्षा देऊन गेलो. पहिली गाडी आली तेव्हा मी ट्रेनिंगला होतो, सुट्टी टाकून बघायला आलो. अख्खं खोरं भरावावर उभं होतं. बायकांनी इंजिनाला ओवाळलं. एक शेतकरी इंजिनाकडे न बघता रुळांच्या खालच्या मातीकडे बघत उभा होता, एवढं मला आठवतं. पुढे साकवलीत मला भेटलेले सखाराम तात्या तेच असतील का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दक्षिणेकडची बरीच स्टेशनं करून मी शेवटची काही वर्षं साकवलीला आलो. त्या पहिल्याच वर्षी, मार्गशीर्षातली सकाळ. शेतांत झोडणी उरकली होती. एक मालगाडी लूपवर घ्यायची होती, कारण मागून जलद गाडी येत होती. मी सिग्नलच्या बटणाला हात घालणार, तेवढ्यात अनंता धावत आला. अनंता आमचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे, निशाणं, कंदील सगळं बघणारा माणूस. धावणं हा त्याचा स्वभाव नव्हे.

“सायब, सिग्नल देऊ नका! दगडाशी म्हातारा बसलाय!”

“कुठल्या दगडाशी?”

“आपल्याच. फाउलिंगच्या. कोंबडा घेऊन बसलाय.”

मी सिग्नल लालच ठेवला आणि खडीवरून धावत सुटलो. बघतो तर गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावर टोपी, सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा रुळांच्या मध्ये उकिडवा बसलेला. काखेत कोंबडा. आमच्या पांढऱ्या दगडाच्या तोंडाला शेंदूर, वर झेंडूचं फूल, पुढे नारळ.

“अहो, उठा! गाडी येतेय!”

“येऊ दे,” तो म्हणाला. “तिच्यासाठीच चाललंय.”

“हा दगड रेल्वेचा आहे!”

“तुमी ठेवलात, खरं हाय. पन हितंच का ठेवलात?”

मी त्याला दोन रुळांमधलं अंतर, डब्याची रुंदी, सांध्याचा कोन, सगळं सांगितलं. धापा टाकत भूमिती शिकवायची माझी ती पहिलीच वेळ. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“त्येच बोलतोय मी. पन ही जागा तुमाला दावली कुनी?”

तोवर खोलीतला फोन वाजायला लागला होता. आमच्या डोक्यावर एक कंट्रोलर असतो. तो दूर कुठेतरी बसलेला असतो आणि गाडी मिनिटभर जरी थांबली तरी त्याला कारण लागतं. “साकवली, मालगाडी सिग्नलला का उभी आहे?” मी म्हटलं, “लाइनवर अडथळा.” “कसला?” मी खिडकीतून पाहिलं. अनंता म्हाताऱ्याला दंडाला धरून आणत होता. “जनावर,” मी म्हणालो. कोंबडा जनावरांत मोडतो की नाही, हे मी आजवर नियमात तपासलेलं नाही.

गाड्या गेल्यावर त्याला बाकावर बसवून मी जाब विचारला. हेच सखाराम तात्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. लूपच्या त्या टोकाला त्यांचं खाचर होतं आणि बांधावर राखणदार होता, एक दगड. आमच्या भागात शेताचा राखणदार असतो. भात झोडून झालं की त्याला वर्षाचा नारळ, कोंबडा द्यायचा, त्याला राखण देणं म्हणतात. त्याने शेत सांभाळायचं आणि शेतकऱ्याने त्याला विसरायचं नाही, असा साधा करार. भराव पडला तेव्हा तो दगड खाली गाडला गेला.

“दोन वर्सं राखण चुकली,” तात्या म्हणाले. “मंग रूळ पडलं. विहीर गेली, पन काठचा आंबा ऱ्हायला व्हता. आंब्यापास्नं राखणदारापरयंत येकशे बारा पावलं, माझ्या आज्यानं मोजून दिलेली. मी मोजली. येकशे बाराव्या पावलाला ह्यो उभा. वर आला की त्यो!”

“आणि आधीच्या मास्तरांनी चालू दिलं?”

“त्यांनी बगितलंच नाय. मी सकाळी लवकर यायचो. आता गुडघं धरतात, उशीर व्हतो.”

मी अनंताकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहत होता. दर मार्गशीर्षात त्या दगडाला ताजा चुना कोण मारत आलं होतं, ते मला समजलं.

मग मी भाषण ठोकलं. माझ्या वडिलांनी तरुणपणी घरातले सगळे देव एका दिवसात सावित्रीत सोडून दिले होते. आमच्या घरी बुद्धमूर्ती आणि पुस्तकांची फळी, एवढंच. दगडाला शेंदूर फासणाऱ्यांबद्दल मला जे काही वाटत होतं ते मी व्यवस्थित, मुद्देसूद सांगितलं. तात्यांनी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकावा तसं ते ऐकलं आणि विचारलं, “तुमी कुठचं म्हनायचं?”

“बिरवाडीच्या पलीकडचा. बौद्धवाडीतला.”

“हां,” ते म्हणाले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “येका गाडीत मानसं किती असतात?”

“हजारभर तरी असतील.”

“आनि दिसाला गाड्या?”

मी सांगितलं. ते बोटांवर काहीतरी जुळवत बसले.

“मास्तर, आदी त्या जागेवरनं मी नि माझं दोन बैल जायचो. राखण चुकली तर माझ्यावर भागत व्हतं. आता येवढी मानसं त्येच्या डोक्यावरनं जातात. त्यांना ठावंबी नाय. माझ्या हातनं राखण चुकली नि काय वंगाळ झालं, तर मी तोंड कुनाला दावू?”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ज्या भीतीने दहा वेळा बटणं तपासत आलो, तीच भीती हा माणूस पगाराशिवाय बाळगून होता. मला त्यांचा राग आला होता तो तिथेच संपला.

जाताना तात्यांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा तिकीट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. माझ्या हातात दिला नाही. आमच्या लोकांना कट्ट्यावर ठेवलेल्या वस्तूंची जुनी ओळख आहे, ती विसरत नाही. मी तो तुकडा अनंताला दिला. हातात दिला नाही म्हणून मी खाल्ला नाही, की मी मानत नाही म्हणून, हे त्या दिवशी मलाही सांगता आलं नसतं.

तरीही पुढच्या वर्षीपासून आमचं ठरलं. आदल्या दिवशी येऊन वेळ विचारायची. दोन्हीकडून गाडी नसेल अशी दहा मिनिटं मी देणार. अनंता लाल निशाण घेऊन जवळ उभा राहणार. कोंबडा आणि दारूची बाटली रुळांत नाही, ते सगळं आंब्याखाली. आणि राखण झाली की दगड पुन्हा पांढरा, कारण त्याचा रंग पांढराच असला पाहिजे. कोंबड्यावरून तात्यांनी खूप घासाघीस केली, शेवटी कबूल झाले. हे सगळं नियमात बसतं का, असं विचारू नका. मी निवृत्त झालो आहे.

रुळांच्या दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवतात त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. हा शब्द तात्यांनी उचलला. खिडकीशी येऊन चारचौघांत मोठ्यांदा म्हणायचे, “मास्तर, उद्याला माझा बलाक हाय ना?” आणि गावात सांगायचे की आपल्याला गाड्या थांबवायचा हक्क आहे. हळूहळू ते एरवीही यायला लागले. त्या मोडक्या बाकावर बसायचे, गाड्या ओळखायला शिकले. एखादी उशिरा धावत असली की माझ्याआधी त्यांचा जीव वरखाली. “खालची अजून नाय आली. बरी हाय ना ती?” सुनेला दूध द्यायला पाठवायचे, पावसाळ्यात अळू, चैत्रात काजूचे ओले गर. सगळं खिडकीच्या कट्ट्यावर. एकदा मी त्यांना फाउलिंग मार्क म्हणजे नेमकं काय ते चित्र काढून समजावलं. हा दगड नसेल तर दोन गाड्या एकमेकींना घासतील, असं सांगितलं.

“मंग राखणच करतो ना त्यो?” तात्या म्हणाले. मी चित्र खिशात घातलं.

अशी काही वर्षं गेली. मग गाड्या लांब झाल्या. लूप अपुरी पडायला लागली आणि ती वाढवायचा हुकूम आला. लूप वाढली की सांधा पुढे जाणार आणि सांध्याबरोबर दगडही. रुळांचे साहेब मोजमापाला आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, नवा दगड लावा, पण जुनाही राहू द्या. त्यांनी शेंदराचा पुसटसा डाग पाहिला असावा. चांगला माणूस होता, हसला नाही.

“मास्तर, एका टोकाला दोन मार्क ठेवायचे? एखाद्या पावसात ड्रायव्हर जुन्या दगडापाशीच इंजिन थांबवेल आणि मागचे डबे दुसऱ्या टोकाला बाहेर राहतील. तुम्हीच सांगा, ठेवू?”

बरोबर होतं त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो.

तात्या तेव्हा छातीच्या दुखण्याने महाडला दवाखान्यात होते. त्यांना सांगायचं म्हणून मी मुद्दाम रजा काढून गेलो. मोसंबी नेली. पाऊस, भात, माझी मुलगी, त्यांचा मुंबईचा मुलगा, सगळ्यावर बोललो. निघताना त्यांनीच विचारलं, “दगड बरा हाय ना आपला?”

“आहे,” मी म्हणालो.

त्या दिवशी तो होताही. तीन दिवसांनी काढला. नोकरीत मी खोटं फार कमी बोललो. आमच्या कामात खोट्याने माणसं मरतात. पण हे एक बोललो आणि ते अजून मला बोचतं.

उपटलेला दगड टाकून द्यायचा होता. तो मी अनंताकडून उचलून बदामाच्या झाडाखाली ठेवून घेतला. एका कडेचा टवका उडाला होता, तिथे चुन्याचा थर, शेंदराचा थर, पुन्हा चुन्याचा, असं दिसत होतं. तात्या परत स्टेशनवर यायचे नाहीत, हे डॉक्टरांनी नव्हे, मीच ठरवून टाकलं होतं. त्यात मला थोडी सुटकाही वाटत होती. लिहायला लाज वाटते, पण वाटत होती.

मार्गशीर्षात एका दुपारी स्टेशनबाहेर रिक्षा थांबली. सून सुनंदा हिच्या खांद्यावर भार टाकत तात्या उतरले. अंगावर नुसती हाडं राहिली होती, पण टोपी धुतलेली, धोतर कोरं. खिडकीशी येईपर्यंत दोनदा थांबले.

“मास्तर, बलाक पायजे.”

मी खोलीतून बाहेर आलो, त्यांना बाकावर बसवलं, शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. लूप, साहेब, दवाखाना, माझं ‘आहे’. काही राखून ठेवलं नाही. सुनंदा दुसरीकडे बघायला लागली. तात्यांनी रुळांकडे पाहिलं.

“जुना कुठं हाय?”

“मागे, बदामाखाली.”

“थितं काय करतोय?”

“काही नाही. नुसता आहे.”

“मंग त्यो नाय त्यो,” तात्या म्हणाले. “त्यो रिकामा बसनारा नाय. नवा कुठं लावलात?”

“चाळीस पावलं पुढे.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मनातल्या मनात ते भरावाखालच्या बांधावरून चालत होते हे मला कळलं. मग एकदम हसायला लागले, हसता हसता खोकला आला, सुनंदाने पाठ चोळली.

“धाकट्याच्या खाचरात गेला गो!” ते तिला म्हणाले. धाकटा म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. वीतभर बांधावरून दोघांचं अर्धं आयुष्य बोलणं नव्हतं, आणि आता तो चुलतभाऊही नव्हता. “जल्मभर भांडला नि शेवटी नेलान राखणदार. जाऊ दे. आता बांध तरी कुठं ऱ्हायलाय.”

राखण तर द्यायला हवी होती. पण तात्यांना खडीवरून चार पावलं टाकणं शक्य नव्हतं. मुलगा मुंबईला कामावर. बायकांनी राखण द्यायची त्यांच्यात पद्धत नाही. त्यांनी पिशवीतला नारळ बाहेर काढून मांडीवर धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तू जा,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू म्हणाले.

या माणसासाठी मी काहीही केलं असतं, हे सोडून. “तात्या, मी नारळ फोडत नाही,” मी म्हणालो. “आमच्यात नाही करत. माझ्या वडिलांनी…”

“म्हाईत हाय मला. फोडू नको. नुसता उभा ऱ्हा. रोज काय करतोस तू? उभाच ऱ्हातोस ना?”

तेवढ्यात पुढच्या स्टेशनकडून विचारणा आली. जलद गाडी येत होती, इथे न थांबणारी. मी लाइन क्लिअर दिली, सिग्नल दिले, सगळं दोनदा तपासलं. टोपी नीट केली, हिरवं निशाण घेतलं आणि खडीवरून चालत गेलो. नव्या दगडाच्या बाजूला, रुळापासून ठरलेलं अंतर ठेवून उभा राहिलो. एरवी मी फलाटावर उभा असतो, तिथे एवढं जाणवत नाही. इथे पायाखालची जमीन गाडी यायच्या आधीच थरथरायला लागली.

जाणाऱ्या गाडीकडे बघायला आम्हाला शिकवलेलं असतं. चाकं बघायची, काही लोंबतंय का, कुठून धूर येतोय का, शेवटच्या डब्याची खूण आहे का. आयुष्यभर मी चाकंच बघितली. त्या दिवशी पहिल्यांदा खिडक्या बघितल्या. एक बाई पोराला भरवत होती. एक म्हातारा काचेला डोकं टेकून झोपला होता. दोघं पत्ते खेळत होते. सगळे त्या भरावावरून, त्या खाचरांवरून, मातीत गेलेल्या त्या जुन्या दगडावरून चालले होते आणि त्यांना ठाऊकही नव्हतं. माझे डोळे भरून आले. निशाण मात्र मी सरळ धरलं होतं, शेवटच्या डब्यातून गार्डने त्याचं दाखवेपर्यंत.

मागे वळलो. बाकावर तात्यांनी दोन्ही हात कपाळाशी जोडले होते. गाडीला, दगडाला की आणखी कशाला, ते मी विचारलं नाही.

मी परत आलो तशी सुनंदा सवयीने नारळ घेऊन खिडकीच्या कट्ट्याकडे निघाली. तात्यांनी तिचा पदर ओढला.

“थितं नको. हातात.”

त्यांनी स्वतः तो घेतला, माझ्या दोन्ही हातांत ठेवला आणि वरून आपले हात तसेच ठेवले. हात थंड होते. “हितं फोडायचा नाय हां,” ते म्हणाले. “घरी ने. वाटण करा.”

त्या नारळाचं वाटण लावून बायकोने कालवण केलं. मी दोनदा भात घेतला. वडील असते तर रागावले असते की हसले असते, मला अजून ठरवता येत नाही. तात्या पुढच्या पेरणीच्या आधी गेले. मयतीला अख्खा गाव होता, आणि मी आणि अनंता रेल्वेच्या कपड्यांत गेलो होतो.

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी वर्ध्याकडची एक मुलगी मास्तर म्हणून आली. हुशार, आवाज खणखणीत, कंट्रोलरला उलट विचारणारी. चार्ज देताना सिग्नलच्या बटणांचं पॅनल, चाव्या, निशाणं, कंदील, तक्रारवही सगळं मोजून तिच्या ताब्यात दिलं. बदामाखालचा दगड यादीत नव्हता. त्याच्यावर आता अनंता दुपारी डबा खायला बसतो. सही झाल्यावर मी तिला म्हटलं, “मार्गशीर्षात एक माणूस तुझ्याकडे दहा मिनिटं मागायला येईल. रुळांत उतरणार नाही. फलाटाच्या टोकाला उभा राहील. दे त्याला.”

“कोण माणूस, सर?”

“आला की कळेल.”

गेल्या मार्गशीर्षात झोडणी उरकल्यावर मी साकवलीला गेलो. खिडकीशी जाऊन म्हटलं, “ब्लॉक पाहिजे.” तिने वर पाहिलं, मला ओळखलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. अनंताने तिला सगळं सांगून ठेवलं असावं.

“सर, नारळ?” तिने विचारलं.

“आमच्यात नाही फोडत,” मी म्हणालो. “मी नुसता उभा राहतो.”